मधली प्रत

संध्यानं सर्व्हरच्या पत्र्याला कान लावला.

नवघरमध्ये तिच्या आईनं, तुळसाबाईनं, दूध उतू जायच्या आत पातेलं खाली उतरवलं. ते कुणी पाहिलं नाही.

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या वाट्यांना पॉलिश चाललं होतं. मधल्या भिंतीवर तळहात टेकवला तर हाताला मुंग्या येत.

उत्तनच्या बसमधून उतरलेल्या हिनाच्या डब्यात सुकटीची चटणी होती. वास येऊ नये म्हणून तिनं डबा दोन पिशव्यांत बांधला होता. वास येत होताच.

दत्ताराम काकांनी चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला.

किरीटभाईंची उदबत्ती दोनदा विझली.

टक.

संध्या कान न हलवता थांबली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग टक, टक, आणि आत कुणी नख ओढल्यासारखी एक बारीक खरखर.

"काय गं, रेडिओ लागला काय त्यात?" निकेत खुर्चीवरून ओरडला. "लागला असेल तर स्कोअर विचार."

"गप्प बस. आणि टेबलाला पाय लावू नकोस."

"पाय माझा, टेबल किरीटभाईंचं. तुझं काय जातं?"

"तुझं अकरा महिन्यांचं काम जातं," संध्या म्हणाली, आणि निकेतनं पाय खाली घेतला.

सत्त्याण्णवची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. भाईंदर पूर्वेच्या त्या औद्योगिक वसाहतीत बाकीच्या सगळ्या गाळ्यांत काही ना काही ठोकलं, घासलं, कापलं जायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या या एका गाळ्यात मात्र आठ मशीनवर आठ माणसं नुसत्या रेघा मारत बसायची. दूर कुठंतरी उभ्या राहणार असलेल्या एका रासायनिक कारखान्याचे पाइप ती काढत होती. पंप कुठं, टाकी कुठं, कुठला पाइप कुणाच्या वरून जाणार. एकानं पंप हातभर सरकवला की बाकीच्या सातजणांना तो सरकलेला दिसायला हवा, म्हणून सगळं काम एकाच ठिकाणी साठत होतं. ते ठिकाण म्हणजे कोपऱ्यातली ही पेटी. तिच्यावर जुन्या पडद्याचं शिवलेलं आवरण होतं आणि दसऱ्याला वाहिलेली झेंडूची वाळकी माळ अजून तशीच होती. पेटीची सगळी देखभाल संध्याकडे होती.

ती किरीटभाईंच्या काचेच्या खोलीत गेली.

"बंद करायचा नाय हां," तिनं काही सांगायच्या आतच ते म्हणाले. "सोमवारी पार्टी येते. एक शीट कमी पडली तर काम गेलं. आणि हे काम गेलं तर हा गाळा कशाला ठेवू मी? पापड लाटू इथं?"

"बंद करतच नाहीये, किरीटभाई. बंद केला तर परत चालू होणार नाही. आतली डिस्क गेलीय. मी इंजिनिअरला फोन केला होता. तो म्हणाला, फिरतेय तोवर फिरू द्या, एकदा थांबली की संपलं."

"मग फिरू दे ना. प्रॉब्लेम काय?"

"ती स्वतःहूनच थांबेल."

किरीटभाईंनी उदबत्तीकडे पाहिलं. "कधी?"

"आज. उद्या. आत्तासुद्धा."

"पण टेप आहे ना? रोज दुपारी तू टेप लावतेस. मी बघतो की."

पेटीतल्या कामाची प्रत उतरवून घ्यायला संध्या रोज दुपारी टेप लावत होती हे खरं होतं. टेपचा प्रोग्रॅम शेवटी 'पूर्ण' असं लिहायचा हेही खरं होतं. आज सकाळी आवाज ऐकल्यावर तिनं पहिल्यांदाच टेपवर काय काय उतरलंय ते उघडून पाहिलं होतं. प्रोग्रॅम कुणी उघडून ठेवलेली फाइल घेत नव्हता. तिला ओलांडून पुढं जात होता. आणि या ऑफिसात फाइल कुणी बंदच करत नसे. अगदी पहिल्या महिन्यात निकेतनं एक फाइल बंद केली होती आणि ती पुन्हा उघडली नव्हती. तेव्हापासून बंद केली की फाइल रुसते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. जेवायला जाताना उघडी, घरी जाताना उघडी, फक्त पडदा काळा करायचा. खंडेनवमीची पूजासुद्धा चालू मशीनचीच झाली होती. त्यामुळं टेपवर होतं ते सगळं हातावेगळं झालेलं, आता कुणी बघत नसलेलं काम. चालू काम एकही नाही.

तिनं हे सगळं किरीटभाईंना सांगितलं. त्यांनी विझलेली उदबत्ती पुन्हा पेटवली.

"सगळ्यांना उठवून, बंद करून, कॉपी काढली तर?"

"दिवस जाईल. आणि एकदम सगळं वाचायला लागलं तर ती तिथंच बसेल. थोडं थोडंच ओढायला पाहिजे. काम चालू ठेवूनच."

"चालू ठेवूनच ना? मग कर," ते म्हणाले. "मला विचारत काय बसतेस?"

नवी पेटी गेल्या आठवड्यापासून खोक्यात होती. संध्यानं ती जुन्या पेटीच्या शेजारी मांडली, केबल ओढली, आणि आठजणांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"ऐका. फाइल बंद करायची नाही."

"कोण करतंय?" कुणीतरी म्हणालं.

"आहे तशी उघडी ठेवून एक प्रत नव्या मशीनवर टाकायची. मी येते एकेकाकडे. बाकीच्यांनी थांबायचं नाही."

"म्हणजे भाकरी तव्यावर असतानाच तिचा फोटो," निकेत म्हणाला.

"हो. पण भाकरी फुगतच राहणार. आत्ताचा फोटो दुपारी जुना. म्हणून जेवायच्या आधी परत एकदा, जेवण झाल्यावर परत. तिसऱ्या वेळी जुनं सोडून सगळ्यांनी नव्यावरच बसायचं."

"आणि मध्येच तवा फुटला तर?"

 संध्या पहिल्या मशीनकडे गेली.

दत्ताराम काका खिडकीजवळ बसायचे. त्यांचं आयुष्य लाकडी बोर्डवर टी-स्क्वेअर फिरवण्यात गेलं होतं आणि मशीनवर ते उशिरा आले. माउसखाली त्यांनी फ्लॅनेलचा तुकडा अंथरला होता.

"काका, एक प्रत."

"घे." ते बाजूला सरकले. "फाइल बंद नाय करायची ना?"

"नाही."

"दुपारचीपण नाय?"

"नाही काका."

"जेवायला गेलो तरी उघडीच राहील?"

"राहील. तुम्हीपण निकेतच्या पंथातले का?"

ते हसले आणि फ्लॅनेल सरळ करत राहिले.

*

अकराची प्रत.

डावीकडे पंप. पंपातून निघालेला पाइप उजवीकडे जातो आणि व्हॉल्व्हमधून पार होतो. व्हॉल्व्हवरचा बाण पंपाकडे पाठ करून आहे. खांबाच्या पुढं पाइपाखाली एक आधार. पंपाचं खांबापासूनचं अंतर बाराशे. खाली चौकटीत नाव: दत्ताराम.

*

एकची प्रत.

डावीकडे पंप. पंपातून निघालेला पाइप उजवीकडे जातो आणि व्हॉल्व्हमधून पार होतो. व्हॉल्व्हवरचा बाण पंपाकडे तोंड करून आहे. खांबाच्या पुढं पाइपाखाली काही नाही. पंपाचं खांबापासूनचं अंतर एकवीसशे. खाली चौकटीत नाव: दत्ताराम.

*

दुसरी फेरी झाली आणि माणसं डबे घेऊन मागच्या जिन्यावर जेवायला गेली. संध्या नव्या मशीनपुढंच बसून राहिली. आलेल्या प्रती धड आहेत का, हे बघायला हवं होतं. मरणारी डिस्क देते ते सगळं खरंच देते असं नाही. अर्धं देऊन पूर्ण दिल्यासारखंही करते.

तिनं सकाळच्या आणि आत्ताच्या प्रती शेजारीशेजारी लावल्या. सगळ्या फाइली वाढल्या होत्या. साहजिक होतं, माणसांनी दोन तास काम केलं होतं. एकच फाइल लहान झाली होती.

 तिनं दत्ताराम काकांची एकची प्रत उघडली. मग अकराची उघडली. मग पुन्हा एकची. आधार गेला होता. बाण उलटला होता. डिस्कनं रेघ खाल्ली असं समजता आलं असतं, पण बाराशेचे एकवीसशे कुठली डिस्क करते?

तरीही एकदा मूळ फाइल बघायला हवी होती. ती उठून खिडकीकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली.

काकांच्या खुर्चीत हिना बसली होती.

हिना प्लॉटर सांभाळायची. मोठे कागद लावायचे, शाई बदलायची, निघालेल्या शीटा गुंडाळून नळीत भरायच्या. तिचा डबा प्लॉटरवर होता, दोन्ही पिशव्यांच्या गाठी तशाच. तिचा उजवा हात माउसवर होता. पडद्यावरचा बाण तिनं उचलला, फिरवला, खाली ठेवला. अगदी सवयीनं.

"हिना."

ती उठलीच. खुर्ची भिंतीवर आपटली. "ताई, कुणाला सांगू नका."

"काय करतेस तू?"

"काय न्हाय." मग तिचा आवाज खाली आला. "काकांच्या हातून चुका होतात. हात थरथरत असेल, नायतर दिसत न्हाय नीट. बाण उलटा पडतो, आकडा उलटा पडतो. मी जेवणाच्या सुट्टीत सरळ करते. किरीटभाईंना कळलं तर घरी बसवतील त्यांना."

"काकांना माहितीय?"

"न्हाय हो! त्यांना वाईट वाटेल. म्हणून तर त्यांच्याच मशीनवर करते, त्यांच्याच नावावर. फाइल उघडी असते ना."

"कधीपासून चाललंय हे?"

"पाऊस लागायच्या आधीपासून. आधी बारीक बारीक असायच्या. एखादा आकडाच चुकलेला. आता मोठ्या व्हायला लागल्यात." हिना थोडी पुढं झुकली; तिच्या बोलण्यातली भीती कुठंतरी मागं राहिली होती. "परवा तर एक अख्खा पाइप टाकीतून आरपार नेला होता त्यांनी. मला दोन दुपारी लागल्या. नुसता पाइप हलवून चालत न्हाय, मागचं सगळं हलवायला लागतं. तो पाइप निकेतच्या शीटवर पण जातो. मग ती बघितली, मग समजलं."

"तुला शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? प्लॉटरपाशी उभं राहून दिसतं की. आणि पाणी काय उलटं जाणार न्हाय."

संध्यानं तोंड उघडलं. अकराची प्रत तिनं दोन मिनिटांपूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. तीत एकही चूक नव्हती. सगळ्या चुका अकरा ते एकच्या मध्ये आल्या होत्या, आणि सकाळी, बरोबर त्याच ठिकाणी, सगळं बरोबर होतं. आधी बारीक. मग मोठ्या.

तिनं तोंड मिटलं.

"बस," ती म्हणाली. "होऊ दे तुझं. पण लवकर. झालं की आपण दोघी मिळून ती नव्या मशीनवर टाकू."

हिना बसली. तिनं आकडा खोडून बाराशे लिहिला. खांबाच्या पुढं गेली, आधार ठेवला, थांबली, उचलला, जरा अलीकडे जिथं पाइप वळतो तिथं आणून ठेवला. मान तिरकी करून बघितलं.

"झालं."

संध्यानं आज्ञा दिली. पडदा गोठला. कोपऱ्यातल्या पेटीतून टक टक टक असा सलग आवाज आला, मग ती नखाची खरखर, आणि मग काहीच नाही. पलीकडचं पॉलिशसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं. हिनानं संध्याचं मनगट धरलं. दोघी पडद्यावर न हलणाऱ्या त्या रेघांकडे बघत राहिल्या.

"ताई, सगळं जाणार का?"

"श्वास घे."

खरखर पुन्हा सुरू झाली, एखादी म्हातारी जिना चढताना मध्येच थांबून पुढं निघावी तशी. पडदा हलला. नव्या मशीनवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

"जा, जेव," संध्या म्हणाली. "आणि ती चटणी मलापण."

*

दीडची प्रत.

डावीकडे पंप. पंपातून निघालेला पाइप उजवीकडे जातो आणि व्हॉल्व्हमधून पार होतो. व्हॉल्व्हवरचा बाण पंपाकडे पाठ करून आहे. खांबाच्या अलीकडे, पाइप वळतो तिथं, एक आधार. पंपाचं खांबापासूनचं अंतर बाराशे. खाली चौकटीत नाव: दत्ताराम.

*

तिसरी फेरी सगळ्यात सोपी गेली. एकेकानं आपली फाइल नव्या मशीनवरून उघडली आणि जुनी, अकरा महिन्यांत पहिल्यांदा, बंद केली. निकेतनं बंद करताना डोळे मिटले. बाकीचे सातजण तोवर रेघा मारतच होते. किरीटभाई काचेच्या खोलीच्या दारात उभे राहून मोजत असल्यासारखे बघत होते आणि शेवटचा माणूस पलीकडे गेल्यावर खाली ओरडून त्यांनी चहा सांगितला, मलई मारके.

चहा पिताना निकेतनं कप थांबवला. "ए संध्या. तुझा रेडिओ बंद झाला काय?"

कोपऱ्यातली पेटी गप्प होती. पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, आत मात्र काही नव्हतं. कधी थांबलं ते कुणालाच सांगता आलं नाही. माणसं एकदा तिकडे बघून पुन्हा पडद्याकडे वळली.

संध्याकाळी सगळे निघाल्यावर दत्ताराम काका पिशवी खांद्याला लावून तिच्या टेबलाशी आले. ती नव्या पेटीचं झाकण बसवत होती.

"माझ्या किती प्रती आल्या तुझ्याकडं?"

"तीन."

"उघडून बघितल्यास?"

"बघाव्या लागल्या. मधली फाइल लहान झाली होती, काका. मला वाटलं डिस्कनं खाल्ली."

"हं."

खाली ट्रकमध्ये वाट्यांचे गठ्ठे चढत होते. 

"हिना काय म्हणाली?"

"तुमचा हात थरथरतो म्हणाली."

टेबलावर झाकणाचा एक बारीक स्क्रू पडला होता; मघापासून तो संध्याच्या हातून दोनदा निसटला होता. काकांनी तो दोन बोटांत उचलला, मागच्या भोकावर धरला, आणि नखानं फिरवत बसवून टाकला.

"तिला तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची ओढून बसले. "शेवटची दाखव."

संध्यानं दीडची प्रत उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. बाणावरून, आकड्यावरून नजर न थांबता पुढं गेली. आधारापाशी थांबली.

"हा इकडं घेतला तिनं?"

"चुकलं का?"

 काकांनी बोटानं काचेवरच पाइपाचं वळण गिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"वळणावर धक्का बसतो पाण्याचा," ते म्हणाले. "मी पुढं ठेवला होता. सवयीनं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बरोबर हाय तिचं." ते मागं टेकले. "तिन्ही ठेवायच्या असतात काय?"

"ठेवता येतात. पण उद्या कुणी चुकून दुसरीच उघडली तर घोळ होईल."

"मग मधली काढ."

तिनं काढली.

"आणि अकराची? ती तुमची आहे, काका. नीट आहे ती."

"तीपण काढ."

मशीननं विचारलं, नक्की का. संध्यानं त्यांच्याकडे बघितलं. ते पिशवीचा बंद सारखा करत होते. तिनं होय म्हटलं.

"नव्यावर सगळ्यांची नावं घातलीस?" त्यांनी उठता उठता विचारलं. "आत शिरायची?"

"हो. आठही."

"नववं घाल."

"किरीटभाई विचारतील."

"सोमवार झाल्यावर विचारतील ना? सोमवारपर्यंत त्यांना देवाचंपण नाव आठवणार नाय." ते दारापर्यंत गेले, चप्पल घातली. "आणि तिला सांग, माझ्या मशीनवर नाय बसायचं आता. कोपऱ्यातलं टेबल रिकामं झालंय."

ते गेल्यावर संध्यानं जुन्या पेटीची वायर काढली, माळ बाजूला ठेवली आणि पेटी उचलून भिंतीशी लावली. मग नव्या मशीनपुढं बसून नववं नाव लिहिलं. मशीननं खुणेचा शब्द मागितला. ती जागा तिनं रिकामी सोडली; तो हिनानं स्वतः ठरवायचा होता.

मे महिन्यात एकदा प्लॉटरमधून निघणाऱ्या निकेतच्या शीटवर बोट ठेवून हिनानं विचारलं होतं, "काका, हा पाइप भिंतीतनं कसा जाईल?", आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दत्ताराम काकांच्या ड्रॉइंगमध्ये चुका यायला लागल्या.